अठरा फोटो आणि एक अंगठा

चहा घ्या आधी, निवतोय. पुढचं ऐकल्यावर तुम्ही माझ्याशी नीट बोलाल की नाही, देव जाणे. आमची ही तर आठ दिवस बोलत नव्हती.

गाढवपणा सगळेच करतात हो, त्यात काय नवल? पण माझा गाढवपणा नीट टाईप केलेला होता, चिकपेटेत बांधून घेतलेला होता आणि वर सोनेरी अक्षरं होती. तेही तीन प्रतींत!

आधी माझी नोकरी सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. मी वामनराव. चामराजपेटेत आमच्या किती पिढ्या गेल्या ते आम्हालाच नीट ठाऊक नाही. घरात मराठी, दारात कानडी, असं आमचं चाललेलं. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी अठ्ठावीस वर्षं नकलनवीस होतो. लोक नकलाकार म्हणायचे, म्हणोत बापडे. जुन्या दस्ताची हुबेहूब नक्कल काढायची, मुळाशी ताडून बघायची, खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा आणि सही ठोकायची. एवढंच काम, पण जोखमीचं!

आमचे हेडक्लार्क पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वामनराव, एक लक्षात ठेवा. मक्षिकास्थाने मक्षिका!" म्हणजे मूळ कागदावर माशी मरून चिकटली असेल, तर नकलेतही त्याच जागी माशी मारून चिकटवायची. आपली अक्कल चालवायची नाही.

मी नाही चालवली. अठ्ठावीस वर्षं एकदाही नाही चालवली!

एका रामाप्पाचा मूळ दस्तात कुणीतरी 'रामपाप्पा' करून ठेवला होता. तो बिचारा तीनदा आला, हात जोडले. मी म्हटलं, "रामाप्पा, तुम्ही समोर उभे आहात ते मला दिसतंय. पण कागदावर तुम्ही रामपाप्पाच आहात, आणि मी कागद बघतो." तो माणूस जन्मभर रामपाप्पा राहिला. आणि मला, खोटं कशाला बोलू, त्याचा अभिमान होता.

आता पद्माचं सांगतो. पद्मा म्हणजे आमची ही. माहेर अथणीचं. लग्न झालं तेव्हा ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. "शिक्षण पुढे करायचंय," एवढी एकच गोष्ट तिने लग्नाआधी मागितली होती, आणि मी म्हणालो होतो, "करू की, नंतर." मग अश्विनी झाली, मग माझ्या आईचं आजारपण आलं, मग अश्विनीची शाळा. माझं ते 'नंतर' एकोणतीस वर्षं चाललं. तिने एकदाही आठवण करून दिली नाही. पण दर जूनमध्ये ती अश्विनीच्या नव्या वह्यांना कव्हरं घालायची ना, तेव्हा एखादी वही बराच वेळ हातात धरून बसायची. मला दिसायचं ते. दिसायचं, आणि मी पेपर वाचायचो.

मी रिटायर झालो त्या महिन्यात तिने दूरशिक्षणाचा फॉर्म आणला. मला विचारलं नाही, फक्त सांगितलं. दोन वर्षं शिकली. कुकरच्या शिट्ट्या मोजत टिपणं काढली आणि सगळे पेपर सुटले. राहिला शेवटचा प्रकल्प. विषय तिने स्वतः निवडला, इरकल साडीचे काठ. ऐंशी पानांचा अहवाल, त्यात फोटो, आणि मग तोंडी परीक्षा. ही परीक्षा झाली की पदवी. नापास झाली तर पुन्हा वर्ष, आणि ती म्हणाली होती, "आता पुन्हा नाही हो जमायचं. एवढ्यात झालं तर झालं."

फोटोंचं कळायला आम्ही अश्विनीला फोन लावला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला असते, कंपनीत.

"अण्णा, आईला सांगा, गूगलवर फोटो दिसला की उचलला, असं चालत नाही."

"मग काय करायचं?"

"लोकांनी वापरायला मोकळे ठेवलेले फोटो असतात. मी तुम्हाला एक साइट पाठवते, तिथलेच घ्या. आणि प्रत्येक फोटोखाली क्रेडिट द्या. सोर्स, ऑथर, लायसन्स. तीन गोष्टी अण्णा, विसरू नका."

"मला सांगतेस? तू जन्मायच्या आधीपासून मी..."

"अण्णा, मीटिंग आहे, ठेवते."

मी तिथेच बाह्या सरसावल्या. "पद्मा, हे खालचं सगळं माझ्याकडे दे. तू फक्त लिही."

"नक्की ना?" ती म्हणाली. "मी मग ते बघणार नाही हो. डोळे दुखतात त्या बारीक अक्षरांनी."

"नकलेचं काम आहे. तू कशाला बघायला हवंस?"

तिने मान डोलावली. माझ्यावर भरवसा ठेवला हो तिने! ते पहिलं चुकलं.

तिने तीस फोटो निवडले. मी एकेकाचं पान उघडून बसलो. आणि काय सांगू, मला तिथे घरी आल्यासारखंच वाटलं! प्रत्येक फोटोखाली एक तक्ता, अगदी आमच्या उताऱ्यासारखा. तारीख, सोर्स, ऑथर, लायसन्स. काही फोटोंच्या सोर्समध्ये लांबलचक भानगडी होत्या, अमक्या पुस्तकातून तमक्याने घेतला वगैरे. पण काहींच्या समोर फक्त दोन शब्द होते, 'ओन वर्क'. स्वतःचं काम.

मी खूश! कुठे तंटा नाही, बखेडा नाही. मालकी साफ. मी तीसातले बारा बाद केले आणि 'ओन वर्क'वाले सतरा ठेवले.

आता प्रश्न जागेचा. फोटोखाली एकच ओळ मावत होती आणि गोष्टी होत्या तीन. एक गाळावी लागणार. मी ऑथरचा रकाना बघितला, आणि तुम्हाला काय वाटतं, तिथे नावं काय असतील? एकाचं नाव 'मिस्टर इडली'. एकाचं 'कावळा चौऱ्याण्णव'. हातमागाचे सगळ्यांत चांगले पाच फोटो ज्याचे, त्याचं नाव 'सोमारी सुब्बा'! सोमारी म्हणजे कानडीत आळशी.

तुम्हीच सांगा, बायकोच्या पदवीच्या अहवालात 'आळशी सुब्बा' छापायचं? ही काय नावं झाली? टोपणनावाला दस्तात किंमत नसते. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी माझी अक्कल चालवली आणि ऑथरचा रकाना गाळला. बाकी मात्र मक्षिकास्थाने मक्षिका. सतरा फोटो, सतरा ओळी : 'सोर्स : ओन वर्क. लायसन्स : सीसी बाय.'

पद्माने भाजी चिरता चिरता विचारलं, "हे सीसी बाय काय हो?"

"असेल कुणीतरी बाय," मी म्हटलं. "आपल्याला काय करायचंय? आहे तसं लिहायचं."

कळलं ना तुम्हाला काय झालं ते? तुम्हाला कळलं! मला मात्र नाही कळलं. मूळ कागदावर सुब्बा म्हणतोय, हे माझं स्वतःचं काम. तेच वाक्य सुब्बाचं नाव काढून मी पद्माच्या अहवालात चिकटवलं. मग ते स्वतःचं म्हणजे कुणाचं झालं?

थांबा, अजून संपलं नाही. सतरा झाले आणि एक फोटो उरला. क्रमांक बारा. जुन्या इरकलीचा किरमिजी काठ, उन्हात पसरलेला, आणि काठावर हिरव्या दोऱ्याचं बोटभर रफू. फोटो सुरेख होता. पण त्या साइटवर सापडेना. अर्धा तास शोधला. मूळ सापडलं नाही तर आमच्या कचेरीत एकच शेरा असायचा, तोच मी लिहिला : 'सोर्स : अज्ञात.'

वर पद्माला म्हणालो, "हा बारावा बघ. कुठल्या अडाण्याने अंगठा घालून ठेवलाय मध्येच. कोपऱ्यात बघ. कापून टाक."

ती हसली. बराच वेळ हसली. म्हणाली, "असू दे की. मला आवडतो."

मीही हसलो. का हसलो ते मला ठाऊक नव्हतं.

अहवाल चिकपेटेत बांधून घेतला. शेजारच्या सावित्रीअक्का बघायला आल्या. अक्कांची नजर घारीची, बारीक अक्षरं आधी वाचणार. पानं उलटता उलटता म्हणाल्या, "अय्यो पद्मा! किती गं सुंदर फोटो काढलेत! आम्हाला कधी बोलली नाहीस!"

पद्मा लाजली. तिला वाटलं, अक्का बाराव्या फोटोबद्दल बोलतायत. मला वाटलं, अक्कांना वयोमानाने काही समजत नाही. अक्कांनी तिसऱ्या दिवशी मंडळात जाऊन सांगितलं, आणि आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला, "वहिनींच्या फोटोंचं प्रदर्शन भरवू या!" पद्मा "अहो, कसलं काय," म्हणत राहिली, पण त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, होऊ दे कौतुक, एवढं शिकली आहे.

परीक्षेच्या दिवशी तिने कपाटातून एक जुनी इरकल काढून नेसली. मी म्हटलं, "नवी नेस की." ती म्हणाली, "नाही, हीच." मी बघितलं नाही. बायकोची साडी नवरे बघतात का कधी? गेली एकतीस वर्षं मी "छान आहे" एवढंच म्हणत आलोय, आणि तेही पेपरातून मान वर न काढता.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो, पिशवीत तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन. आत परीक्षक एक वयस्क बाई. कानडीतून बोलत होत्या, शांत आवाजात. पहिली दहा मिनिटं काठांची नावं, रंग, माग, सगळी उत्तरं पद्माने खणखणीत दिली. माझी छाती फुगत होती.

मग बाई म्हणाल्या, "आता फोटो. हे सगळे तुम्ही काढलेत?"

"नाही मॅडम. एकच."

पानं उलटल्याचा आवाज.

"फोटो तीन. विणकर मागावर बसलाय. कुणी काढला?"

"मला नाव नाही सांगता येणार, मॅडम. पण मी नाही."

"खाली लिहिलंय ओन वर्क." पान उलटलं. "फोटो सात. सगळं गाव आकाशातून दिसतंय. ओन वर्क. कशात बसला होतात?"

 मी बाहेर बाकावर, आणि माझ्या डोक्यात अजून प्रकाश नाही! मला वाटलं, बाई जरा थट्टेखोर आहेत. मी तर हसलोसुद्धा.

"फोटो नऊ. नऊवारीतल्या सहा बायका, रांगेत. काळापांढरा. हा शंभर वर्षांपूर्वीचा दिसतो. ओन वर्क. पद्मावती, तुमचं वय किती?"

तेव्हा कुठे माझ्या हातातली बाटली घसरली. ती घरंगळत पार जिन्यापर्यंत गेली, आणि मला उठून ती आणायची शुद्ध नव्हती. सतरा ओळी डोळ्यांपुढून गेल्या. ओन वर्क, ओन वर्क, ओन वर्क. माझ्या बायकोला मी सतरा वेळा चोर ठरवलं होतं. तेही लेखी!

आतून बाईंचा आवाज आला. आता त्यात थट्टा नव्हती. "दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगणं याला आमच्याकडे एकच नाव आहे. हा अहवाल मी पुढे पाठवू शकत नाही."

"मॅडम, तो बारावा बघा." पद्माचा आवाज बारीक झाला होता. "तो माझा आहे. तो मी काढला."

"बारा?" पान उलटलं. "इथे तर अज्ञात लिहिलंय! सतरा ठिकाणी तुमचं नसलेलं तुमचं म्हणता, आणि हे अज्ञात आहे ते माझं म्हणता. मी कसं मानू?"

खरंच होतं. बाईंनी काय म्हणून मानावं?

 मग खुर्ची सरकली. मी दारातून बघितलं. ती उभी राहून पदराजवळचा काठ हातात धरून टेबलावर पसरत होती, त्या फोटोच्या शेजारी. किरमिजी काठ. त्यावर हिरव्या दोऱ्याचं बोटभर रफू.

"ही माझ्या आईची साडी," ती म्हणाली. "मी कॉलेजात पहिल्या दिवशी हीच नेसले होते. अथणीच्या स्टँडवर बसच्या दाराला अडकून फाटली. घरी आले तर किरमिजी दोरा नव्हता. आई म्हणाली, हिरवा तर हिरवा, पण कॉलेज बुडवू नकोस. उभ्या उभ्याच रफू केलं तिने."

बाईंनी चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. आधी काठ, मग फोटो. टाका न् टाका तोच.

"हा तुमचा," त्या म्हणाल्या. "मग बाकीचं असं कसं लिहिलं? कुणी लिहिलं?"

पद्मा म्हणाली, "मी तपासलं नाही, मॅडम. चूक माझी आहे."

माझं नाव घेतलं नाही हो तिने! बाहेर बाकावर बसलोय, हेसुद्धा सांगितलं नाही. तिची एकोणतीस वर्षं त्या टेबलावर होती आणि ती मला वाचवत होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि आज सांगतानाही वाटते.

बाई फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि कोपऱ्यातला हा अंगठा कुणाचा?"

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे, हे बघा. रेकॉर्ड रूमच्या लोखंडी कपाटाच्या दारात चेंगरला होता. आणि मग मला आठवलं. गच्चीवर ऊन कडक होतं. पद्मा म्हणाली होती, "अहो, स्वल्प हे टोक धरा की, वाऱ्याने उडतंय." आणि मी टोक धरून "लवकर कर, टाळू तापली," म्हणून करवादत होतो. तिच्या हातात मोबाइल होता. ती फोटो काढत होती, हा फोटो, आणि मी तिथेच होतो.

म्हणून ती हसली होती. तिला वाटलं, मी स्वतःच्या अंगठ्याची थट्टा करतोय. नवरा इतका आंधळा असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

मी दार ढकलून आत गेलो.

"तप्पु नंदु, मॅडम," मी कानडीत म्हटलं. चूक माझी.

"यारु नीवु?" त्यांनी विचारलं. तुम्ही कोण?

काय सांगणार? नवरा म्हणायची माझी लायकी त्या क्षणी नव्हती. मी डावा हात पुढे केला आणि म्हटलं, "मी फोटो क्रमांक बारामधला अंगठा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा अंगठा बघितला, फोटो बघितला, पुन्हा अंगठा बघितला. आमच्या कचेरीतही इतकं काळजीपूर्वक ताडून कुणी बघत नसे. मग म्हणाल्या, "बसा."

मी सगळं सांगितलं. तक्ता, रकाना, मिस्टर इडली, सोमारी सुब्बा, एका ओळीची जागा. मक्षिका सांगितली नाही, कानडीत ती कशी सांगायची ते सुचेना.

"तुम्ही लायसन्स काय लिहिलंय ते वाचा," त्या म्हणाल्या.

"सीसी बाय."

"बाय म्हणजे काय?"

मी खाली बघितलं. कुणीतरी बाय असेल, हे उत्तर काही मी त्यांना दिलं नाही.

"बाय म्हणजे कुणी केलं, त्याचं नाव," त्या म्हणाल्या. "फोटो घ्या, छापा, वाटा, फुकट. मोबदला एकच, माझं नाव लिहा. तुम्ही सगळं लिहिलंत आणि नेमकं तेवढंच गाळलंत." मग पद्माकडे वळून म्हणाल्या, "आठ दिवस देते. सगळं नीट करून आणा. आणि पद्मावती, दुसऱ्याने केलेलं तपासून घ्यायला शिका. घरातल्याने केलेलं आधी."

परत येताना मेट्रोत पद्मा खिडकीशी उभी होती. मी "चुकलो" म्हटलं.  मी पुन्हा म्हटलं. मग ती बाहेर बघतच बोलली, "लोकांचं काम सतरा ठिकाणी माझ्या नावावर टाकलंत, ते चुकून. कळलं मला. पण माझं सगळ्या पुस्तकात एकच होतं हो. ते अज्ञात?"

 आमचं स्टेशन आलं, आम्ही उतरलो, आणि त्यानंतर आठ दिवस ती फक्त "जेवायला वाढलंय" एवढंच बोलली.

त्या आठ दिवसांत मी सतरा पानं पुन्हा उघडली. या वेळी सगळी वाचली, तक्त्याच्या खालचंही. त्या सोमारी सुब्बाचं स्वतःचं एक पान होतं. सहा वर्षं हा माणूस सुट्टीच्या दिवशी बसने गावोगाव फिरला होता. बंद पडत चाललेल्या मागांचे तीनशेच्या वर फोटो काढून त्याने लोकांसाठी मोकळे ठेवले होते. खाली एकच ओळ होती. 'खुशाल वापरा. फक्त माझं नाव लिहा.'

हा आळशी! आणि मी, घरबसल्या त्याचं नाव गाळणारा, मोठा कामसू!

नऊवारीतल्या बायकांचा फोटो मी काढून टाकला. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोला कुणीतरी 'ओन वर्क' लिहून ठेवलं होतं, म्हणजे तिथेही माझ्यासारखाच कुणी शहाणा बसला होता. बाकी सोळांच्या खाली मी दोन दोन ओळी केल्या. जागा होत होती हो, अक्षर जरा बारीक केलं की होत होती! सोमारी सुब्बा, मिस्टर इडली, कावळा चौऱ्याण्णव. एकेक नाव जसंच्या तसं.

बाराव्याला मात्र मी हात लावला नाही. पद्माला हाक मारली. ती आली, माझ्या शेजारी बसली, चष्मा लावला आणि 'अज्ञात' हा शब्द एकेक अक्षर करून पुसला. मग एका बोटाने टाईप करायला लागली. मी मुद्दाम बघितलं नाही.

पुन्हा परीक्षा झाली. बाईंनी सतराही फोटोंखालचं वाचलं. बाराव्यापाशी थांबल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. पद्मा पास झाली. अश्विनी मारतहळ्ळीहून पेढे घेऊन आली, सावित्रीअक्का येऊन रडून गेल्या. मंडळात प्रदर्शनसुद्धा भरलं, एकाच फोटोचं.

तो बघा, तुमच्या मागे भिंतीवर लावलाय. उठा, जवळ जाऊन खालची ओळ वाचा. मी मोठ्याने वाचायची गरज नाही, घरी येणारा प्रत्येक जण वाचतो आणि माझ्याकडे बघतो. 'फोटो : पद्मावती वामनराव, बी.ए. साडी व रफू : आई. कोपऱ्यातला अंगठा : यजमान.'

अठ्ठावीस वर्षं मी हजारो कागदांवर सह्या ठोकल्या. बायको पदवीधर झाली, आणि मी रिटायर होऊन अंगठाछाप!